अंगदुखीची गोळी आणि मूत्रपिंड
(नभोवाणीवरील भाषण)



सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. आसपास खताचा कारखाना आहे, वायूचे व पोलादाचे कारखाने आहेत, अलीकडे हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखानेही आले आहेत. आणि त्या सर्वांत राबणारी माणसे खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून व बिहारमधून येऊन भाड्याच्या खोल्यांतून राहतात. मी तेथे शाळेत शिकविते. सकाळी रिक्षासाठी चौकात उभी राहिले की पाळीवर निघालेल्या कामगारांची लगबग दिसते. चहाच्या टपरीवर जेवढी गर्दी, जवळजवळ तेवढीच शेजारच्या औषधाच्या दुकानावर. कोणी काही सांगत नाही, कोणी काही विचारीत नाही. “दोन दे,” एवढेच शब्द. दुकानदार पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून देतो. गिऱ्हाईक त्यांतील एक तेथेच, चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर, घेते आणि दुसरी खिशात टाकून बसकडे धावते. कित्येक वर्षे मी हे पाहत होते व त्यात मला काही वावगे दिसले नव्हते. कारण उघड आहे. मीही तेच करीत होते. दिवसाचे पाच-सहा तास फळ्यासमोर उभे राहून टाचा आणि कंबर धरली की माझ्या पिशवीतूनही तशीच एक गोळी निघे.

त्या गोळीविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. मी वैद्य नाही, शिक्षिका आहे. तेव्हा जे डॉक्टरांकडून ऐकले, पुस्तकांतून पडताळून पाहिले आणि एका घरात डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगेन.

ते घर माझ्या वर्गातील एका मुलाचे. वडील धुळे जिल्ह्यातले, वय चाळिशीच्या आत, एका ठेकेदाराकडे भट्टीजवळच्या कामाला. ओझी उचलून कंबर दुखे. म्हणून रोज एक गोळी, काम अधिक असेल तेव्हा दोन. असे सुमारे तीन वर्षे चालले. मग एका वैशाखात त्यांना जुलाब लागले. दोन दिवस अंगात कणकण होती, पोटात अन्न ठरत नव्हते. परंतु रोज बुडू नये म्हणून ते कामावर गेले व अंगदुखीच्या गोळ्या नेहमीपेक्षा जास्त घेतल्या. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, चेहऱ्यावर व पायांवर सूज आली. इस्पितळात रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन नावाचा जो अंक साधारणपणे एकच्या आसपास असावयास हवा, तो नऊच्या वर गेला होता. रक्तदाबही फार वाढलेला निघाला; तो त्यांनी आयुष्यात कधी मोजलाच नव्हता. आज ते आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक खेपेस चार तास, यंत्राला जोडून घेतात.

“गोळ्यांनीच हे झाले का?” असे मी तेथील डॉक्टरांना विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मला प्रामाणिक वाटले. ते म्हणाले, “मूत्रपिंडे आधीच आकसलेली आहेत, म्हणजे दुखणे जुने आहे. रक्तदाबाने किती नेले आणि गोळ्यांनी किती नेले, याची वाटणी आता करता येणार नाही. पण त्या दोन दिवसांतल्या गोळ्या घेतल्या नसत्या तर हा माणूस आज चालत माझ्याकडे आला असता.”

मूत्रपिंडांची गंमत अशी की ती तक्रार करीत नाहीत. दात दुखला तर माणूस रात्रभर जागतो, पोट बिघडले तर लगेच कळते. मूत्रपिंडे पाठीमागे, बरगड्यांच्या आधाराने, मुठीएवढ्या आकाराची बसलेली असतात. प्रत्येकाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांना मिळतो. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या मिळून दिवसाकाठी जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर सोडून बाकीचे सगळे शरीराला परत करतात. यांतील पुष्कळ गाळण्या नष्ट झाल्या तरी उरलेल्या मुकाट्याने अधिक काम करू लागतात. निम्मी शक्ती गेली तरी क्रिएटिनिनचा अंक कधी कधी ठीकच दिसतो. पाय सुजतात, भूक मरते, दम लागतो, तोवर बहुतेक गाळण्या संपलेल्या असतात. आणि गेलेल्या गाळण्या पुन्हा उगवत नाहीत.

येथे थोडे विषयांतर करते. बायबलच्या जुन्या करारात परमेश्वर माणसाचे हृदय आणि मूत्रपिंडे पारखतो, अशी भाषा ठिकठिकाणी येते. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ खरोखरच मूत्रपिंडे असा आहे. मराठी अनुवादात त्या जागी ‘अंतर्याम’ हा शब्द येतो, आणि लहानपणी प्रार्थनेत तो ऐकताना त्यामागे हा अवयव असेल अशी शंकाही मला आली नव्हती. माणसाचे जे अगदी आत, दुसऱ्या कोणाला न दिसणारे, ते त्या प्राचीन लोकांनी या अवयवाच्या नावाने ओळखले. शरीरशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, परंतु मूत्रपिंड किती आतले आणि किती मुके असते, हे त्यांना नेमके कळले होते असे मला वाटते.

आता ही गोळी तेथे काय करते ते पाहू. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाईड ही नावे पट्ट्यांवर आढळतात. दुकानातील नावे निरनिराळी असली तरी आतले द्रव्य पुष्कळदा यांपैकीच एखादे असते. जेथे इजा होते तेथे शरीर प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये तयार करते व त्यांच्यामुळे सूज आणि वेदना वाढते. ॲस्पिरिन व त्या जातीची औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले; पुढे १९८२ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मात्र हीच द्रव्ये मूत्रपिंडात निराळे काम करतात.

ते काम त्या धुळेकर गृहस्थांना मी त्यांच्याच भागातील उदाहरणाने समजावून सांगितले. पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. पाटाचे पाणी कोणत्या फडाला किती जावयाचे हे पाटकरी पाहतो. नदीला पाणी भरपूर असले म्हणजे पाटकऱ्याला फारसे काम नसते. तो एक दिवस आला नाही तरी पिकाचे बिघडत नाही. परंतु पाणी आटले म्हणजे त्याचीच खरी गरज. तो दार पूर्ण उघडे धरून उभा राहतो, म्हणून टोकाच्या वाफ्यापर्यंत ओल पोहोचते. प्रोस्टाग्लॅंडिन हा मूत्रपिंडाचा पाटकरी आहे. अंगातले पाणी कमी झाले, रक्तदाब उतरला, की गाळणीकडे रक्त नेणारी बारीक वाहिनी तो रुंद ठेवतो. वेदनाशामक गोळी नेमकी त्याला घरी पाठविते. पाण्याची ददात नाही, माणूस तरुण व निरोगी आहे, गोळी दोन-तीन दिवसांची आहे, तर बहुधा काही होत नाही. उलट जुलाब, उलट्या, कडक ऊन, उतारवय, दुर्बळ हृदय, आधीच थकलेले मूत्रपिंड यांपैकी काही असेल, तर पाट आटलेला आणि पाटकरीही नाही, अशी अवस्था होते.

“म्हणजे मीच त्याला हाकलला,” ते गृहस्थ म्हणाले. मी काही बोलले नाही. दोष सगळा त्यांचा, असे मला तेव्हा वाटले नाही व आताही वाटत नाही. भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाचा घाम घड्याभर जातो. पिण्याचे पाणी दूर आणि मुतारी त्याहून दूर असली तर तो पाणीही बेतानेच पितो. स्त्रियांची अवस्था तर विचारूच नये. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाण्याला न शिवणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. अशा माणसाला “विश्रांती घ्या” असे सांगणे फार सोपे आहे. विश्रांती घेतली तर रोज बुडतो, गोळी घेतली तर काही रुपयांत दिवस निभावतो. वेदना हा शरीराने दिलेला थांबण्याचा हुकूम. गोळी तो हुकूम तेवढा पुसते, ओझे तेवढेच राहते.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. दक्षिण स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचे कारखान्याचे गाव आहे. बंदुका, शिवणयंत्रे, मोटारसायकली तेथे होत. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ आली तेव्हा गावातल्या योर्टोन नावाच्या डॉक्टराने कामगारांसाठी एक पूड तयार केली. तिच्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन असे. साथ ओसरली, पूड मात्र राहिली. अंगदुखी थांबते, वर तरतरी येते, कामाचा वेग टिकतो, असा अनुभव आल्यावर कामगार ती रोज, दिवसातून अनेकदा घेऊ लागले. सवय इतकी घरगुती झाली की वाढदिवसाला भेट म्हणूनही या पुडीची पाकिटे देत. पुढे तेथील कर्ते पुरुष मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले. कुर्ट ग्रिमलुंड या डॉक्टराने माहिती गोळा करून १९६३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा पूड घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक लपून राहिला नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५३ साली, स्प्यूलर व झोलिंगर या स्विस वैद्यांनी वेदनाशामकांच्या अतिसेवनाशी निगडित असा मूत्रपिंडाचा विकार वर्णन केला होता. ऑस्ट्रेलियात तर अशा पुड्या चहाबरोबर घेण्याचा बायकांना नादच होता, मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध आवाज उठविला आणि १९७९ साली तेथे मिश्र वेदनाशामकांची खुली विक्री बंद झाली. अमेरिकेने फेनासेटिन १९८३ साली बाजारातून काढले. विक्री थांबल्यावर या विशिष्ट विकाराचे रोगीही हळूहळू कमी होत गेले.

फेनासेटिन गेले, त्या गोळीची जागा दुसऱ्या गोळ्यांनी घेतली. नव्या गोळ्या त्या पुडीइतक्या घातक नाहीत, हे सांगितले पाहिजे. तथापि हुस्कवार्नाच्या कामगाराने पुडी ज्यासाठी घेतली त्याचसाठी इच्छापोरचा कामगार गोळी घेतो, हे मला विसरता येत नाही.

डायक्लोफेनॅकविषयी आणखी एक हकीकत आपल्या देशातली आहे, आणि ती माणसांची नसून गिधाडांची आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांना १९९० नंतरच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होताना दिसली. माना टाकून बसलेली गिधाडे काही दिवसांत झाडावरून खाली पडत. प्रथम सर्वांना एखाद्या साथीच्या रोगाची शंका आली. २००४ साली कारण प्रसिद्ध झाले. लंगडणाऱ्या, दुखणाईत गुराढोरांना डायक्लोफेनॅक देत. ते जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले की मांसातील त्या अल्पशा औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत आणि त्यांच्या आतड्यांवर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा थर साचे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारांत एखादेच उरले. मुंबईच्या डोंगरवाडीत पारशी बांधवांच्या दख्म्यांवर गिधाडे येईनाशी झाली व अंत्यविधीची शतकांची रीत अडचणीत आली. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले. माणसांसाठीची मोठी कुपी जनावरांना टोचीत, म्हणून २०१५ साली तिचा आकारही तीन मिलिलिटरवर आणला.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. गिधाडाचे मूत्रपिंड या औषधाला विलक्षण हळवे आहे, आपले तितके नाही. दाढ काढल्यावर किंवा हाड मोडल्यावर डॉक्टरांनी चार दिवस दिलेली हीच गोळी मोठा आधार असतो. ही गोष्ट मी सांगितली ती घाबरविण्यासाठी नाही. एक साधी, स्वस्त, गावोगाव मिळणारी गोळी मूत्रपिंडाच्या वाटेने केवढा उत्पात करू शकते, हे आपल्या आभाळात लिहिले गेले आणि आपण ते गिधाडांचे प्रकरण म्हणून सोडून दिले, याची मला चुटपुट लागते.

घाबरण्यावरून आठवले. अशी भाषणे ऐकून काही लोक घरातली सगळीच औषधे बंद करतात. तसे कृपा करून करू नये. मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि रक्तदाब ही आहेत. त्यांच्या गोळ्या सोडल्या तर मूत्रपिंडे अधिक लवकर जातात. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही रक्तदाबाची औषधे तर पुष्कळ रोग्यांत मूत्रपिंडाचे रक्षणच करतात. पण हीच औषधे, जोडीला लघवी वाढविणारी गोळी आणि त्यावर अंगदुखीची गोळी, असे तिन्ही एकत्र आले की पाटाला तिन्ही बाजूंनी बांध पडतो. म्हणून ज्याला रक्तदाबाचे औषध चालू आहे त्याने अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. आणि जुलाब-उलट्या लागल्या तर नेहमीची कोणती गोळी दोन दिवस थांबवावयाची, हे डॉक्टरांना आधीच, धडधाकट असतानाच, विचारून ठेवावे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबद्दलही गैरसमज ऐकू येतो. ते मूत्रपिंड बिघडवीत नाही. मूत्रपिंड बिघडले असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागते किंवा ते बंद करावे लागते, एवढेच.

पित्तावरच्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या निरुपद्रवी समजून लोक वर्षानुवर्षे सकाळी उठल्याबरोबर घेतात. क्वचित् प्रसंगी त्यांच्यामुळे मूत्रपिंडाला आतून सूज येते. गरज संपल्यावर त्या का चालू आहेत, हे एकदा विचारावे. जेन्टामायसिनसारखी इंजेक्शने जीव वाचवितात, परंतु ती मोजून-मापून, रक्त तपासून द्यावयाची असतात; खेड्यातल्या पदवी नसलेल्या ‘डॉक्टरा’ने तापाला टोचून द्यावी अशी ती वस्तू नव्हे. कोणी घरगुती भस्म, कोणी यात्रेत मिळालेली संधिवाताची पुडी घेतात. अशा पुड्यांत शिसे किंवा पारा निघाल्याचे अनेकदा दिसून आले आहे. ‘वनस्पतीचे आहे’ या शब्दावर मूत्रपिंड विश्वास ठेवीत नाही. पॅरासिटामॉल ही गोळी मूत्रपिंडाच्या दृष्टीने पुष्कळ बरी. मात्र मात्रा ओलांडली तर ती यकृताला जाळते, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही ती असते म्हणून नकळत दुप्पट घेतली जाते.

भेसळीने होणारा घात निराळा; त्यात घेणाऱ्याची काहीच चूक नसते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरावयाचे विष निघाले आणि चौदा रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात तेच विष खोकल्याच्या औषधात आले. वीसाहून अधिक बालके गेली. त्यांपैकी कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. एवढ्या वर्षांनंतर तेच विष, तोच अवयव. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचे औषध देऊच नये, असे सरकारने त्यानंतर पुन्हा बजावले आहे. खोकला बहुधा आपोआप बरा होतो, हे आयांना पटविणे मात्र मला अजून जमलेले नाही.

मग आपण काय करावे? मूत्रपिंडाची तपासणी अवघड नाही. रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिन आणि रक्तदाब, या तीन गोष्टी वर्षातून एकदा पाहाव्यात. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह व रक्तदाब असलेल्यांनी, आणि महिनोन्महिने अंगदुखीची गोळी घेणाऱ्यांनी तर चुकवूच नये. लघवीला खूप फेस येतो, पायाच्या घोट्यावर बोटाने दाबले की खळगा राहतो, या गोष्टी दिसल्या तर वर्षाची वाट पाहू नये. त्या गृहस्थांना पाहून आल्यानंतरच्या सोमवारी मी स्वतः रक्त दिले. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मला वर्गात नीट शिकविता आले नाही, हे कबूल करते. माझा अंक ठीक निघाला. डॉक्टरांनी गोळी बंद करून टाचांसाठी मऊ तळव्याची चप्पल आणि पाठीचे दोन व्यायाम सांगितले. कंबर अजून दुखते; गोळीने जेवढी राहत असे तेवढी व्यायामाने राहत नाही. पण तासांमधून मी आता पाच मिनिटे खुर्चीवर बसते, ज्याची मला पूर्वी उगाच लाज वाटे.

यंत्राची सोय आज पूर्वीपेक्षा पुष्कळ झाली आहे. सरकारने २०१६ सालापासून जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी रक्तशुद्धीची योजना चालविली आहे. अहमदाबादेस डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनी कॅनडातली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून मूत्रपिंडांचे मोठे रुग्णालय उभे केले व हजारो रोपणे केली; २०१९ साली ते गेले, त्यांचे काम चालू आहे. रोपणासाठी मूत्रपिंड मात्र कोणाचे तरी लागते. आमच्या त्या गृहस्थांना पत्नीने देऊ केले आहे; तपासण्या चालू आहेत.

आता शाळेतली गोष्ट. विज्ञानाच्या पुस्तकात उत्सर्जन संस्थेचा धडा आहे. मी सातवीच्या मुलांना सांगितले की आपापल्या घरातल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन या. वस्तुतः यांपैकी पुष्कळ गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकावयाच्या नाहीत, असा कायदा आहे. तसा इशारा पट्टीवर छापलेलाही असतो, परंतु इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. घरी ती अक्षरे वाचू शकणारी माणसे पुष्कळदा ही मुलेच असतात. निम्म्याहून अधिक वर्गाने पट्ट्या आणल्या. कापून घेतलेल्या तुकड्यांवर तर नावही पुरते नव्हते. कोठे ‘डायक्लो’ एवढेच, कोठे नुसताच ‘नॅक’. आम्ही भिंग घेऊन बसलो. मोठे नाव कारखान्याचे, त्याखालचे लहान नाव औषधाचे, आणि आपल्याला लहान नाव हवे, एवढे समजावयास मुलांना अर्धा तास लागला.

तो धुळ्याचा मुलगा काही आणून आला नव्हता. मी त्याला विचारणारही नव्हते. पण शेजारच्या मुलाचे अक्षर अडले तेव्हा त्याने मान वळवून भिंगाशिवायच ते वाचले, आणि नंतर दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. वडिलांबरोबर यंत्रावर जाताना तेथील परिचारिकेने त्याला ही नावे शिकविली होती. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने ती मराठीत उतरवून ठेवली होती, एकाखाली एक, अकरा नावे; वर लाल पेन्सिलीने लिहिले होते, ‘पप्पांना चालत नाहीत.’ मधल्या सुट्टीत मुलांनी ते पान आपापल्या वहीत उतरवून घेतले. एका मुलीने मथळ्यातला ‘पप्पांना’ खोडून तेथे ‘आजीला’ असे लिहिले.